पाचवी खेप

पवनीच्या बाजारात लाखोळीची भाजी आली की मला कळतं, आता शहापूरला, माहेरी जावं लागणार. जावंसं वाटत नाही, आणि जातेच. धान कापून झालेलं असतं, बांध्यांमध्ये नुसते खुंट उरलेले असतात आणि त्या खुंटांच्या मधून लाखोळी हिरवी होत असते. एसटीच्या खिडकीची काच कधीच घट्ट बसत नाही, तिथून तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ओलसर वास आत येतो. हा वास लोकांना आवडतो. मलाही आवडायचा. गेल्या तीन हिवाळ्यांपासून त्यात आणखी एक वास मिसळून येतो, गरम पाण्यात दडपलेल्या सातूचा, गोडसर, चहात पडलेल्या बिस्किटासारखा. बसमध्ये तो दुसऱ्या कुणालाच येत नाही, कारण तो तिथे नसतोच.

तो वास माझ्या भावाच्या बिअरचा आहे. सरळ सांगून टाकलेलं बरं. आमच्यासारख्या धान पिकवणाऱ्या घरात, जिथे शहाण्यासुरत्या माणसाच्या तोंडून दारूचं नावही निघत नसे, तिथे माझा साठीचा भाऊ घराच्या मागच्या पडवीत बिअर करत होता आणि पवनीच्या शाळेत मराठी शिकवणारी मी त्याला मदत करत होते. हे कायद्यात बसतं की नाही, याची आम्ही कधी चौकशी केली नाही.

भाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये होता. सकाळच्या बसनं जायचा, संध्याकाळच्या बसनं यायचा, आणि मधल्या वेळात पाण्याचे नमुने तपासायचा. आम्ल किती, क्षार किती. खिशात नेहमी पीएचच्या कागदाची छोटी पुस्तिका असायची, पिवळ्या पट्ट्यांची. पट्टी फाडायची, बुडवायची, रंग बघायचा. घरीसुद्धा तो लोणच्याच्या बरणीत पट्टी बुडवायचा. आई वैतागायची. "अरे, जीभ कायले देली देवानं?" म्हणायची. तो हसायचा. "जीभ खोटं बोलते आई, कागद नाही बोलत," म्हणायचा.

आईची जीभ मी होते. ताक घुसळून झालं की आई वाटीत थोडं घालून माझ्यापुढे धरायची, मी सांगितल्यावर कढीत बेसन किती आणि गूळ किती ते ठरायचं. अंबाडीची भाजी असो, चिंचेचं सार असो, आधी माझ्या जिभेवरून जायचं. मी पाच वर्षांची असल्यापासून हे काम माझं. त्यात लाड नव्हता. मला भीड नव्हती म्हणून ते काम मला मिळालं होतं. काकूनं केलेल्या कढीलाही मी पाहुण्यांच्या देखत "आंबट ढाण" म्हटलं होतं, आणि काकू दोन महिने आमच्याकडे आली नव्हती. पुढे शाळेतही माझी तीच ख्याती झाली. पोरांचे निबंध मी कधी उगाच चांगले म्हटले नाहीत.

बिअरचं खूळ भावाच्या डोक्यात शिरलं ते पुण्यात. सुनील, त्याचा मुलगा, तिथे नोकरीला. त्यानं बापाला एका ठिकाणी नेलं, जिथे बिअर तिथेच बनवतात आणि काचेपलीकडच्या टाक्या दिसतात. भावानं अर्धा ग्लास कसाबसा प्यायला आणि तासभर टाक्यांपाशी उभा राहिला. तिथल्या पोराला विचारून विचारून भंडावून सोडलं म्हणे. परत आला तो हेच बोलत आला, "बेबी, हे पूर्ण आंबटाचं काम हाय व. पूर्ण." मी चोपन्न वर्षांची झाले होते, तरी घरात बेबीच होते.

त्याच्याकडून मला जे कळलं ते असं. मोड आणून वाळवलेला सातू भरडायचा आणि हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात तासभर दडपून ठेवायचा, म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. पण त्या घोळाचा पीएच सव्वापाच ते साडेपाचच्या मधे राहिला पाहिजे. आकडा वर गेला तर सालपटांतला तुरटपणा उतरतो. खाली गेला तर चव टोचते. बोअरचं पाणी जड, चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, पांढरा थर धरणारं. म्हणून भाऊ ते आदल्या दिवशी खळखळ उकळायचा, थर खाली बसू द्यायचा, वरचं निवळ तेवढं घ्यायचा. मग घोळात पट्टी बुडवायची. आकडा वर दिसला की लॅक्टिक ॲसिडचे थेंब, एकेक करून. पुन्हा ढवळायचं, पुन्हा पट्टी. मोड आणण्याची रीत त्याला कुणी शिकवावी लागली नाही. भिजवलेलं बियाणं गोणपाटात कसं दडपायचं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक, फक्त धानाच्या जागी सातू. वहिनी आधी चिडली, मग तिच्या लक्षात आलं की पडवीत असला की हा माणूस खर्रा खात नाही. मग ती गप्प बसली. तीस वर्षं त्याच्या गालात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

पहिली खेप तुरट झाली, हिरडा चावल्यासारखी. दुसरीत त्यानं ॲसिड संपलं म्हणून लिंबं पिळली, ती नासक्या सरबतासारखी लागली. तिसरीच्या बाटल्या उन्हाळ्यात फुटल्या आणि पडवीतल्या भिंतीवर डाग पडले, ते अजून आहेत. चौथी झाली तोवर त्याच्या गालात गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, मग महिनाभर किरणांचे शेक घेतले. घरी आल्यावर त्यानं चौथ्या खेपेची बाटली उघडली, घोट घेतला, आणि ग्लास उजेडाकडे धरून पाहिला.

"काहून, काय झालं?" मी विचारलं.

"पाणी लागून राह्यलं मले," तो म्हणाला. "नुसतं पाणी."

चव गेली होती. थुंकीही आटली होती. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, कुणाला येते, कुणाला नाही. त्याची आली नाही. मात्र आंबट आणि तिखट कळायचं, चव म्हणून नाही, आग म्हणून. चिंचेचा एक थेंब भाजीत पडला तरी तोंड सोलून निघायचं. वहिनीनं घरातून सगळं आंबट हद्दपार केलं. कढी बंद, टमाटा बंद, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. ताक तेवढं व्हायचं, तेही मी आले की, माझ्यापुरतं.

चौथी खेप सुनीलनं चाखली होती, तो म्हणाला, "मस्त आहे बाबा." भावाचा विश्वास बसला नाही. सुनील सगळ्यालाच मस्त म्हणतो.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी गाठ परत आली. या वेळी नागपूरहून आल्यावर वहिनी काही बोलेना आणि भाऊ फार बोलू लागला. मी आले तेव्हा तो पडवीत सातू निवडत बसला होता. अंगावर शाल, कानाला मफलर, एका बाजूचा गाल आत गेलेला. मला खूण करून जवळ बसवलं.

"बेबी, आता कापत नाही म्हनतात ते. घरीच राहा म्हनतात."

मी त्याच्या पुढ्यातला सातू निवडू लागले.

"एक खेप करू. पाचवी. एक तं बरोबर जमली पाह्यजे ना व. चार चुकल्या. चुकलेलीच ठेवून कसा जाऊ?"

"सुनीलले बोलाव. तो चाखन," मी म्हटलं.

"तो नाही. तू चाखजो. तू तोंडावर सांगतं."

मी जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. त्या दिवशी हो म्हटलं. त्याला हवं होतं ते बिअरपेक्षा साधं होतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या पाण्याचे आकडे काढले, आता स्वतःच्या हातचं एक काम त्याला बरोबर झालेलं पाहायचं होतं. आणि ते पाहायला त्याच्याकडे जीभ नव्हती.

मार्गशीर्षातला दिवस होता. सकाळी हायवेवर एवढं धुकं की ट्रक नुसते आवाजानं कळायचे. पाणी आदल्या दिवशी उकळून निवळून ठेवलं होतं. मोठ्या गंजात सातू दडपला, गंजाला वाकळ गुंडाळली. भावानं पट्टी बुडवली, डोळ्यांजवळ नेली, मला दाखवली. ॲसिडचे थेंब मी टाकले, तो मोजत गेला. अकराव्या थेंबाला त्यानं हात वर केला. "हां. बस." मी त्याला इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं. हॉप्सची वाळकी फुलं या वेळी त्यानं थोडीच घातली, कडू झालं तर तोंडाला सोसणार नाही म्हणून. यावरून मला कळलं की तो स्वतः प्यायची आस धरून आहे.

पडवीतलं प्रत्येक भांडं, नळी, गाळणी त्यानं जंतू मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. त्या बाबतीत तो वहिनीच्या सोवळ्याहून कडक. उकळी झाली, गंज थंड पाण्याच्या टबात ठेवला, आणि दुपारपर्यंत भाऊ थकून गेला. यीस्ट घालायच्या आधी त्या पाण्यात हवा घालायची असते. तो खाटेवर पडला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चांगलं ढवळ बेबी. फेस आला पाह्यजे. हवा गेली पाह्यजे त्यात."

मी त्याच्या औषधाच्या पाण्यातला लांब चमचा घेतला. ढवळलं. फेस येईना. हात भरून आले. मग मी जे केलं ते आमच्या घरातल्या कोणत्याही बाईनं केलं असतं. फेस आणायचा म्हणजे घुसळायचं. मी आत गेले, फडताळाजवळ टांगलेली रवी काढली, गरम पाण्यानं दोनदा विसळली, आणि त्या गंजात उभी धरून घुसळली. दोन मिनिटांत असा फेस आला की गंजाबाहेर यायला लागला. भावानं मान वळवून पाहिलं. "वा व!" म्हणाला. रवी तोवर मी मोरीत नेऊन ठेवली होती. लपवली नव्हती. लपवण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवस ते पाणी डब्यात बुडबुडत होतं. भाऊ खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसायचा. घरात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडायच्या, त्याला त्यांचा नुसता वास मिळायचा. मी दर शनिवारी पवनीहून यायचे. बाटल्या वहिनीनं आणि मी भरल्या, तो बसून सांगत होता. मी चाखायला बोट पुढे केलं तर ओरडला, "आता नाही! अर्धवट पेपरले मार्क देतं का तू?" संक्रांतीला उघडायची ठरली.

संक्रांत आली. दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. वहिनी अंगणात बायकांना वाण देत होती. स्टुलावर तिळगुळाची ताटली, एक ग्लास, बाटली, आणि पिवळ्या पट्ट्यांची पुस्तिका. भावानं दाढी केली होती, गालाच्या खड्ड्यात थोडी राहून गेली होती. बाटली मीच उघडली. फेस छान चढला, रंग तांबूस, उन्हात धरल्यावर सुंदर दिसत होता. मी घोट घेतला.

ते ताक होतं. म्हणजे बिअरच होती, पण तिच्या तळाशी आमच्या घरचं ताक होतं, तीच धार, तोच आंबटपणा जो मी गेली पन्नास वर्षं ओळखते. मला त्या क्षणी रवी दिसली. गरम पाण्यानं दोनदा विसळलेली, लाकडाच्या खाचांत कित्येक वर्षांचं ताक मुरलेली रवी. भावाच्या सगळ्या भांड्यांना औषधाचं पाणी, आणि मी त्यात रवी फिरवली होती.

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मुलं निकालाच्या दिवशी पाहतात तसं.

"तुरट?"

"नाही."

"आंबट?"

पाहुण्यांच्या देखत काकूला आंबट ढाण म्हणणारी मी. पुस्तिका त्याच्या हाताशी होती. एक पट्टी फाडली असती तर संपलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "जेवढी पाह्यजे तेवढीच. बरोबर जमली, भाऊ."

त्यानं पुस्तिकेकडे एकदा पाहिलं. त्यानं ती उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिली.

"पट्टी नाही पाहात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू हायेस ना," तो म्हणाला. "भर मले."

मी भरला. अर्धा भरला तर म्हणाला, पूर्ण. त्यानं पहिला घोट घेतला, आणि थांबला, आणि पुन्हा घेतला. हळूहळू, मधे मधे डोळे मिटत, त्यानं तो ग्लास रिकामा केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आनंदानं. मी इतकी मूर्ख, की मला खरंच तसं वाटलं. मलाही रडू आलं. "जमली म्हनायची," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. मी संध्याकाळच्या बसनं पवनीला परतले, आणि एक चांगलं खोटं बोलल्याचं समाधान मला सगळ्या वाटेत होतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "बेबीबाई, यायचं तोंड पूर्न सोलून गेलं वो. दोन दिस झाले, दूध नाही जाऊन राह्यलं. पानी पन नाही. काय खाल्लं तं सांगत नाहीत."

फोन धरून मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. तोवर एकदाही मला सुचलं नव्हतं. वर्षभर ज्या घरात त्याच्या तोंडाला आंबटाचा थेंब लागू दिला नाही, तिथे मी त्याला ग्लासभर आंबट पाजलं होतं. खोटं बोलताना मी फक्त त्याच्या चेहऱ्याचा विचार केला, तोंडाचा केला नाही. आणि त्याला पहिल्याच घोटाला कळलं होतं. आग लागली म्हणजे आंबट, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो थांबला नाही. ग्लास खाली ठेवला असता तर मी खोटी पडले असते.

फाल्गुनात तो गेला. मधल्या काळात मी चार-पाचदा त्याच्या खाटेशी बसले. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचे. तो मला पाहून डोळ्यांनी हसायचा आणि मी पाय चेपत बसायचे. बोलले नाही. मी, तोंडावर सांगणारी.

पहिल्या हिवाळ्यात मी शहापूरला गेले तेव्हा पडवी बंद होती. दुसऱ्या हिवाळ्यात वहिनीनं गंज वापरायला काढला होता, त्यात धान उकडत होतं. मी तो पाहून उठून अंगणात गेले. या वेळी पडवी झाडून काढली होती, सुनील येणार म्हणून. वहिनी म्हणाली, "त्यायच्या बाटल्या होत्या, मी फेकल्या वो बाई. एक ठेवली. तुमाले पाह्यजे असन तं न्या."

बाटली धुळीची होती. वहिनीनं पदरानं पुसून दिली. भाऊ प्रत्येक खेपेतल्या एका बाटलीला चिठ्ठी लावायचा, लॅबमध्ये नमुन्याला लावतात तशी, आणि त्याच बारीक, सरळ अक्षरात तीन ओळी लिहायचा. खेप, तारीख, पीएच. या बाटलीवरही चिठ्ठी होती. खेप पाचवी. तारीख करीच्या दिवसाची, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी त्याच्या तोंडात पाणी जात नव्हतं. तिसऱ्या ओळीत पीएचच्या पुढे आकडा नव्हता. लिहिलं होतं, "बेबीने चाखली. बरोबर."

पट्टी बुडवल्याशिवाय या माणसानं उभ्या आयुष्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि हे लिहिलं तेव्हा त्याला खरं काय ते माहीत होतं.

आतून वहिनीनं हाक मारली. तिनं यंदा पुन्हा कढी करायला सुरुवात केली आहे, आता घरात कुणाचं तोंड पोळायचं नाही. मी बाटली तशीच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. रवी फडताळाजवळ, होती तिथेच टांगलेली होती. वहिनीनं वाटीत थोडी कढी काढून माझ्यापुढे धरली.

"पाहा बरं बेबीबाई, आंबट तं नाही झाली?"

मी घोट घेतला. वहिनी वाट पाहत होती.

"झाली," मी म्हटलं. "आंबट झाली, वहिनी. खूप आंबट झाली होती." आणि मी इतकी रडू लागले की वहिनीनं गॅस बंद केला आणि माझ्या हातातली बाटली काढून घेतली.